गावच्या माळावर झाडं लावायची, की माळ माळच राहू द्यायचा?

बोरबाभळी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

आमचं गाव माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातलं. गावाच्या उत्तरेला साधारण साठ एकरांचा माळ आहे. सातबाऱ्यावर गायरान. पावसाळ्यात गुडघाभर गवत, दिवाळीनंतर पिवळं पडतं, उन्हाळ्यात नुसते दगड उघडे. मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ, तरवड. बाहेरून आलेल्याला वाटेल, काय ही उजाड जागा.

गावातल्या तरुण मुलांनी एका कंपनीच्या सामाजिक निधीतून या माळावर पंधरा हजार रोपं लावायचं ठरवलंय. जेसीबीनं सलग समतल चर, खड्डे, भोवती तारेचं कुंपण, पाच वर्षं चराईबंदी. मुलं फार मनापासून करताहेत. पहिल्या बैठकीत मीच उभा राहून पाठिंबा दिला आणि दहा हजार रुपयेही दिले.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा संध्याकाळी चुलत्यांबरोबर माळावर गेलो. आम्ही बांधावर बसलो होतो. सूर्य टेकला आणि एकेक करून भोवत्या ससाणे यायला लागले. गवतावरून घिरट्या घालत यायचे आणि अलगद खाली उतरायचे. हे पक्षी हिवाळ्यात फार लांबून येतात आणि रात्र झाडावर नाही, जमिनीवर गवतात काढतात. मी तेवीस मोजले, मग अंधार पडला. चुलते म्हणाले, "हितं झाड कधी नव्हतंच रं. गवतच हुतं. माझ्या आज्याच्या वक्तालाबी."

तेव्हापासून झोप लागत नाही. झाडं लावायला विरोध करायचा म्हणजे लोक काय म्हणतील? आणि माझं चुकतंय का? २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव येणार आहे. जाणकारांनी सांगावं.

काजवा

झाडं लावायला विरोध हे पहिल्यांदाच ऐकतोय. तुमच्याकडे पाऊस नाही, सावली नाही, उन्हाळ्यात टँकर लागतो. पोरं पुढाकार घेताहेत, पैसे बाहेरून येताहेत. पक्षी दुसरीकडे जातील, जागा काय कमी आहे? माझं मत स्पष्ट आहे, लावा.

फिरस्ता

वाचतोय. भोवत्यांचं वर्णन वाचून अंगावर काटा आला.

सड्यावरची

काजवा, "पक्षी दुसरीकडे जातील" म्हणालात. दुसरीकडे म्हणजे कुठे? अशा प्रत्येक माळाबद्दल हेच बोललं जातं. एका माळावर रोपवन, दुसऱ्यावर औद्योगिक वसाहत, तिसऱ्यावर सौर प्रकल्प, चौथा नांगरून ऊस.

मुळात आपल्या डोक्यात एक शिडी पक्की बसलेली आहे. सगळ्यात वर घनदाट जंगल, खाली विरळ जंगल, त्याखाली झुडपं, आणि तळाला माळ, म्हणजे बिघडलेलं जंगल. दख्खनच्या पठाराला ही शिडी लागूच होत नाही. इथे पाऊस कमी, माती उथळ, खाली काळा कातळ. गवत आणि विखुरलेली काटेरी झाडं हीच इथली पूर्ण वाढलेली, जुनी परिसंस्था आहे. २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १३व्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, चरित्रं, लोककथा यांतले वनस्पतींचे उल्लेख तपासले होते. तेव्हाही या मुलखात काटेरी झाडं आणि गवताळ माळच होते असं त्यातून दिसतं. बोरबाभळींचे चुलते जे म्हणाले तेच.

मी कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, फिरते. तिथेही हेच दुखणं. महसुली कागदावर सडा म्हणजे पोटखराबा, पडीक. इंग्रजांना सारा जिथून मिळत नव्हता ती जमीन त्यांनी पडीक ठरवली आणि आपण तोच शब्द आजपर्यंत चालवतोय. कासचं पठारही तसा कातळसडाच. २०१२ साली ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेलं म्हणून वाचलं. तिथे कुणी निलगिरी लावली असती तर आज सप्टेंबरातली ती फुलं कुठे दिसली असती?

जुना बीटवाला

वनखात्यात वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल म्हणून निवृत्त झालो. बत्तीस वर्षांची नोकरी, त्यातली निम्मी माळरानाच्या भागात. म्हणून थोडं लिहितो.

मी स्वतःच्या हातानं किती रोपं लावली याचा हिशेब नाही. सुरुवातीच्या काळात सामाजिक वनीकरण जोरात होतं. सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ. नंतर गिरिपुष्प आलं, ज्याला लोक उंदीरमारी म्हणतात. का तेच लावायचं? कारण ते जगतं. गुरं खात नाहीत, पाणी कमी लागतं, तपासणीला साहेब आले की हिरवं दिसतं. गिरिपुष्पाखाली गवत येत नाही आणि पक्षी घरटं करत नाहीत, हे आम्हाला दिसायचं. पण तपासणीच्या कागदात जिवंत रोपांची टक्केवारी लिहायला रकाना असतो, गवताला रकाना नसतो.

राज्यात २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी असा वृक्षलागवडीचा कार्यक्रम झाला. एवढ्या रोपांना जागा कुठून आणायची? दाट जंगलात जागा नसते, शेतकरी आपली जमीन देत नाही. मग उरतो माळ. चांगला गवताचा माळ मी जेसीबीखाली जाताना पाहिलाय. त्या चरांच्या मातीवर दोन वर्षं नुसतं तण येतं. पवना, शेडा, मारवेल या गवतांचे जुने ठोंब एकदा उपटले की परत बसायला कैक वर्षं जातात.

एका ठिकाणी दहा वर्षांत तीनदा रोपवन केलं. त्याच खड्ड्यांशेजारी नवे खड्डे. शेवटी झाडं उभी राहिली नाहीत आणि गवतही गेलं. त्या माळावर मी नोकरीच्या पहिल्या वर्षी तणमोर, हा गवतात राहणारा दुर्मीळ पक्षी, पाहिला होता. ते अजून मनाला लागतं.

बोरबाभळी, तुमचं चुकत नाही.

काजवा

बीटवाले काका, तुमच्या अनुभवापुढे काय बोलणार. पण एक प्रश्न राहतो. ३३ टक्के जमीन वनाखाली हवी असं धोरणच आहे ना? मग झाडं लावल्याशिवाय ते होणार कसं?

हिशेबनीस

काजवा, हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. सगळी गडबड तिथूनच सुरू होते, म्हणून सविस्तर लिहितो.

१९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणात देशाच्या किमान एक तृतीयांश भूभागावर वन किंवा वृक्षाच्छादन असावं असं उद्दिष्ट आहे. डोंगराळ भागात दोन तृतीयांश. ते धोरण आधीच्या १८९४ आणि १९५२ च्या धोरणांपेक्षा खूपच चांगलं होतं. महसुलापेक्षा पर्यावरणाचं संतुलन आणि स्थानिकांच्या गरजा त्यात पुढे आणल्या. पण एक तृतीयांश हा आकडा सरसकट धरला गेला. वाळवंट असो, माळ असो, कातळ असो.

आता मोजणी कशी होते ते बघा. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या चित्रांवरून एक हेक्टर किंवा मोठ्या तुकड्यावर १० टक्क्यांहून जास्त झाडांचं छत्र असेल तर ते 'वनाच्छादन' धरतं. जमीन कुणाची, झाड कोणतं, हे त्यात बघितलं जात नाही. म्हणजे आंब्याची बाग वनाच्छादनात येते, रबराची लागवड येते, निलगिरीही येते. बोरबाभळींचा तेवीस भोवत्यांचा माळ येत नाही. महाराष्ट्राचं वनाच्छादन साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहे. ते वाढवायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे माळावर रोपं.

दुसरी बाजू म्हणजे पर्यायी वनीकरण. खाण, धरण किंवा रस्त्यासाठी वनजमीन वळती केली की बदल्यात पैसे भरायचे आणि दुसरीकडे झाडं लावायची. त्यासाठी २०१६ चा स्वतंत्र निधी कायदा आहे. सदाहरित जंगल तोडायचं आणि त्याची भरपाई म्हणून दुष्काळी भागातल्या माळावर खड्डे खणायचे, असा हिशेब त्यातून होऊ शकतो. दोन परिसंस्था जातात आणि कागदावर बेरीज शून्य दिसते. हे मला सगळ्यात अन्यायाचं वाटतं.

मेंढका

आमचं घराणं मेंढपाळ. मी शिकलो, आता तालुक्याला नोकरी करतो, पण थोरला भाऊ अजून कळप घेऊन फिरतो. दसऱ्यानंतर वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, हलतो तो कोकणाच्या दिशेनं, पावसाच्या तोंडाला परत.

इतकं सगळं वाचलं, पण त्या माळावर आज कोण चरतंय हे कुणी विचारलंच नाही. पाच वर्षं चराईबंदी म्हणजे आमच्यासारख्यांनी पाच वर्षं मेंढरं कुठं न्यायची? एका बाजूला रोपवन, दुसऱ्या बाजूला ऊस, तिसरीकडं हायवे. रोपवनात मेंढरू शिरलं की दंड. माझ्या भावानं दंडापायी तीन कोकरं विकलेली मी पाहिली आहेत.

मेंढरं नुसतं खात नाहीत. शेतकरी आम्हाला बोलावून रानात मेंढरं बसवतात, लेंडीखत मिळतं म्हणून. बोरं आणि बाभळीच्या शेंगा खाऊन बी लांबवर टाकतात. आणि लांडगा? लांडगा माळाचा आणि आमच्या कळपाचा. वर्षात दोन-चार मेंढरं नेतोच. वडील म्हणायचे, त्याचा वाटा धरूनच कळप मोजायचा.

फिरस्ता

"त्याचा वाटा धरूनच कळप मोजायचा." मेंढका, हे वाक्य कायम लक्षात राहील.

अक्षता

मेंढका यांच्याबद्दल आदर आहे, पण मी थोडं वेगळं बोलणार आहे. आमच्या गावच्या गायरानात कुणी झाडं लावली नाहीत, कुंपण घातलं नाही, आणि तरी माळ मेला. गावातलीच शेळ्या-गुरं वर्षभर मोकाट. गवताला बी धरायची उसंतच नाही. आता नुसती कुसळी आणि टणटणी उरली आहे. कुसळी तर मेंढरंही नीट खात नाहीत. म्हणून "माळ राखा" म्हणजे "जसं चाललंय तसं चालू द्या" असं होऊ नये.

हिवरे बाजारनं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, गवत कापून न्यायला परवानगी ठेवली आणि तिथे चाऱ्याचं उत्पन्न किती वाढलं हे सगळ्यांना माहीत आहे. बंदी ही वाईटच असते असं नाही.

मेंढका

अक्षताताई, तुमचं खरं आहे. आमच्या लोकांनाही मारलेला माळ नको असतो. पण बंदी कुणी घातली यानं फरक पडतो. गाव बसून ठरवेल की या वर्षी पूर्वेचा तुकडा बंद, पुढच्या वर्षी पश्चिमेचा, आणि गवताला बी पडेपर्यंत कुणी शिरायचं नाही, तर आम्ही पाळतो. आधीची माणसं हेच करत होती. तार घालून पाच वर्षांसाठी सगळंच बंद केलं की रात्री चोरून चारतात आणि मग माळही जातो, माणूसही गुन्हेगार ठरतो.

चंद्रपुरी

अक्षता आणि मेंढका यांच्या बोलण्यावरून आमच्याकडची गोष्ट सांगतो. जरा अवांतर होईल, पण मुद्दा तोच आहे: नियम कोणाचा.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला आपल्या परंपरागत जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. हक्काचा कागद मिळाला तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडेच. बांबू झाड की गवत, यावर किती वाद झाला! अखेर २०११ साली परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू बाहेर निघाला.

पण मला जास्त जवळचं वाटतं ते चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव. त्यांना २०१२ मध्ये हजारेक हेक्टरांवर हक्क मिळाला. बांबू तोडीवर गावाला रोजगार मिळायला लागला, बाहेर मजुरीला जाणं कमी झालं. आणि मग या लोकांनी काय केलं? तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. तेंदूपत्त्यात रोख पैसा आहे, आमच्या भागात उन्हाळ्याचा तोच आधार. पण पानं चांगली फुटावीत म्हणून झाडं छाटतात, जंगलाला आगी लावतात, आणि छाटलेल्या झाडाला टेंभरं लागत नाहीत. ती फळं पाखरांना, अस्वलांना लागतात आणि माणसांनाही. ग्रामसभेनं बसून विचार केला आणि हे उत्पन्न सोडलं. कुठल्या अधिकाऱ्यानं सांगून हे झालं असतं असं मला वाटत नाही.

हक्क दिला की लोक जंगल ओरबाडतील, ही भीती मी सरकारी बैठकांत खूप ऐकली आहे. तिला उत्तर म्हणून मी पाचगाव सांगतो.

मेंढका, आणखी एक. याच कायद्यात फिरत्या पशुपालकांच्या हंगामी चराईच्या हक्काचाही स्पष्ट उल्लेख आहे. मात्र तो वनजमिनीला लागू. गायरानाला नाही.

ताम्हण

धागा माळरानाचा आहे, पण इथे मनमोकळी माणसं आहेत म्हणून माझंही विचारते.

आमचं नऊ एकर जंगल आहे रत्नागिरी जिल्ह्यात. खासगी, तिघा भावंडांच्या नावावर. तिकडे सरकारी वन अगदी थोडं, बहुतेक जंगल असंच लोकांच्या मालकीचं. दर दहा-पंधरा वर्षांनी ठेकेदार येतो, किंमत ठरवतो आणि सगळं सफाचट करून घेऊन जातो. लाकूड बॉयलरला, वीटभट्टीला. खोडांना परत फुटवे येतात, पण मोठं झाड एकही राहत नाही. आमच्या वडिलांनी तीस वर्षं कुऱ्हाड लावू दिली नाही. ते गेल्या वर्षी वारले. आता भावांना पैसे हवेत. एकाच्या मुलीचं शिक्षण आहे, चैनीसाठी कुणी मागत नाहीये. मी एकटी किती दिवस अडवू? या जंगलात बेहड्याची तीन अवाढव्य झाडं आहेत.

सड्यावरची

ताम्हण, त्या बेहड्यांच्या ढोल्या बघितल्या आहेत का? जानेवारीनंतर कुणी महाधनेश सारखा त्या झाडाकडे फेऱ्या मारतोय का ते बघा. तुमच्याकडे बहुतेक गरुड म्हणत असतील. मादी ढोलीत स्वतःला बंद करून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि नर काही महिने तिला आणि पिल्लांना भरवतो. असली ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं. पंधरा वर्षांच्या फुटव्यात ती कधीच होत नाही.

भावांना नुसतं "तोडू नका" म्हणून भागणार नाही, हे तुमच्या लिहिण्यातूनच कळतं. सह्याद्रीतल्या काही गावांत बेहडा-हिरड्याची फळं जंगलाला धक्का न लावता गोळा करून, तसं प्रमाणपत्र घेऊन परदेशी औषधी उत्पादकांना विकतात. संस्था मालकांशी करारही करतात: इतकी वर्षं तोड नाही, त्याचा मोबदला हा. रक्कम ठेकेदाराइतकी एकदम येत नाही. पण चौकशी करा. आणि तोडायचीच वेळ आली तर एकदम सगळं न देता ओढ्याकाठचा भाग आणि ती तीन झाडं करारातून वगळा. ठेकेदार कुरकुर करतो, पण ऐकतो. मी दोन ठिकाणी पाहिलंय.

गोगलगाय

जंगल म्हणजे फक्त सरकारी वन नाही, हे ताम्हणच्या पोस्टवरून परत जाणवलं. आमच्या देवराईचं असंच झालं. शेकडो वर्षं देवाच्या धाकानं एक काटकी कुणी उचलली नाही. मग देवळाचा जीर्णोद्धार निघाला. सभामंडप, फरशी, गाड्या लावायला जागा. बावीस झाडं गेली. देव तोच आहे, पण राई गेली. राईतल्या झऱ्याला आता मार्चमध्ये पाणी नसतं.

चंद्रपुरी

गोगलगाय, वाचून वाईट वाटलं. उरलेल्या भागाची नोंद करून ठेवा. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्याखाली राज्य सरकार एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं. सिंधुदुर्गात बांबर्डे इथली रानजायफळाची दलदल जेमतेम अडीच हेक्टरांची आहे, तीही जाहीर झाली. आमच्याकडचं आलापल्लीचं जुनं सागवानाचं वनही आहे. जागा लहान आहे म्हणून सोडून देऊ नका.

काजवा

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. माझं पहिलं मत घाईचं होतं. पण एक गोष्ट सोडवत नाही. त्या गावातल्या वीस-पंचवीस पोरांना काहीतरी चांगलं करायचंय. त्यांना जाऊन सांगायचं की "काहीही करू नका, माळ आहे तसा चांगला आहे", तर ती पोरं पुन्हा कशालाच पुढे येणार नाहीत. त्यांना काम काय द्यायचं?

जुना बीटवाला

काजवा, बरोबर प्रश्न विचारलात. काम भरपूर आहे.

रोपं लावायचीच असतील तर ओढ्याच्या काठानं लावा, गावठाणात, शाळेभोवती, रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर. करंज, कडुनिंब, आंबा, चिंच, वड, उंबर. पंधरा हजार लागणार नाहीत. दीड हजार लावा आणि पाच वर्षं पाणी घालून जगवा.

माळावर जेसीबी चढू देऊ नका. तिथलं काम हातानं करायचं. टणटणी आणि वेडी बाभूळ मुळासकट काढायची, पावसानंतर माती ओली असताना. वेड्या बाभळीला हलकं समजू नका. कच्छच्या बन्नीत १९६० च्या दशकात ती मुद्दाम पेरली होती. तिकडे तिला गांडो बावळ म्हणतात, आणि तिनं आशियातल्या मोठ्या कुरणांपैकी एकाचा केवढा भाग गिळलाय. मग जिथे गवत पातळ झालंय तिथे स्थानिक गवताचं बी टाकायचं. बी विकत आणू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये स्वतःच्या माळावरच्या चांगल्या तुकड्यातून गोळा करा. वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा उन्हाळ्याआधी काढा.

आणि अक्षतानं सांगितलेलं विसरू नका. तुकडे पाडून आळीपाळीनं चराई. त्याशिवाय बाकी सगळं फुकट.

पुण्याच्या वनविभागानं इंदापूर-बारामतीकडे कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. स्थानिक मुलं वाटाडे म्हणून काम करतात. तुमच्या मुलांना एकदा घेऊन जा. चिंकारा, खोकड, लांडगा बघायला लोक पैसे देऊन येतात हे डोळ्यांनी बघितल्यावर त्यांची नजर बदलेल.

हिशेबनीस

ठरावासाठी दोन गोष्टी हाताशी ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ ला गावाच्या सामाईक जमिनींबद्दल निकाल दिला. त्यानंतर १२ जुलै २०११ ला आपल्या राज्यानं शासन निर्णय काढून गायरानाचा वापर इतर कामांसाठी करण्यावर कडक मर्यादा घातल्या. कुंपण घालून गायरान बंद करताय तर ग्रामसभेत त्यावर चर्चा व्हायलाच हवी, हे ठामपणे मांडा.

दुसरं म्हणजे गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती. कागदावर प्रत्येक ग्रामपंचायतीत असते. लोक जैवविविधता नोंदवही मागून बघा. त्यात तुमच्या माळाचं एक पानही नसेल तर ते लिहायचं काम त्या मुलांचं. कोणतं गवत, कोणता पक्षी, कोणत्या महिन्यात, कोण चारतं, कुठला झरा कधी आटतो. जे नोंदलं नाही त्याचं नुकसान सिद्ध करता येत नाही.

सड्यावरची

आणि सोलापूरच्या नान्नजची गोष्ट मुलांना जरूर सांगा. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. क्षेत्र जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे त्यात गावं, शेतं, शहरंसुद्धा आली. लोकांना जमिनीचे साधे व्यवहार करणं अवघड झालं आणि त्यांचा राग पक्ष्यावर निघाला. पुढे क्षेत्र खूपच कमी केलं. तोवर आजूबाजूला ऊस, द्राक्षं, विजेच्या तारा. आज तिथे माळढोक दिसणं दुर्मीळ झालंय. नकाशावर केवढीही मोठी रेघ मारली तरी रेघेच्या आतल्या माणसांना सोबत घेतलं नाही तर ती टिकत नाही.

बोरबाभळी

मंडळी, कालच ग्रामसभा झाली. आधीच लिहायला हवं होतं, पण मधले दोन महिने धावपळीत गेले.

तुम्ही सुचवलं तसं डिसेंबरमध्ये सहा मुलांना कडबनवाडीला घेऊन गेलो. तिथे एक खोकड बिळाबाहेर ऊन खात बसलं होतं. आमच्यातला सगळ्यात तावातावानं बोलणारा मुलगा अर्धा तास काही बोलला नाही. परत आल्यावर त्यानंच आपल्या माळावर खोकडाची दोन बिळं शोधली. ती चराच्या आखणीत बरोबर मध्ये येत होती.

ग्रामसभा सोपी नव्हती. कंपनीच्या माणसानं सांगितलं की निधी रोपांसाठी आहे, गवतासाठी तसा प्रकारच त्यांच्याकडे नाही. एक ज्येष्ठ म्हणाले, हातातोंडाशी आलेला पैसा घालवताय. त्यांचं म्हणणं मला टाकाऊ वाटलं नाही. गावाला पैसा लागतोच. मग माझे चुलते उभे राहिले. ते आयुष्यात कधी सभेत बोलले नव्हते. त्यांनी माळावरच्या अकरा गवतांची नावं सांगितली, कुठलं गाईला, कुठलं शेळीला, कुठलं शाकारायला. सभा एकदम शांत झाली.

ठरलं ते असं. साठ एकरांपैकी अठ्ठेचाळीस एकरांवर चर नाहीत, रोपं नाहीत, जेसीबी नाही. त्याचे तीन तुकडे, दरवर्षी एक तुकडा दसऱ्यापर्यंत बंद. बाहेरून येणाऱ्या वाड्यांना पूर्वीची वाट मोकळी. ओढ्याकडेचे बारा एकर मात्र रोपवनाला दिले. मला ते बारा एकरही नको होते. त्यातला चार-पाच एकर चांगला पवन्याचा तुकडा आहे. पण मतदानात आम्ही तेवढं हरलो. कुंपण ओढ्याच्या बाजूलाच राहील.

नोंदवही खरंच कोरी होती. मुलांनी पहिलं पान लिहिलंय.

अक्षता

अठ्ठेचाळीस एकर! डोळ्यांत पाणी आलं. तीन तुकड्यांचा ठराव आम्हाला पाठवाल का? आमच्या सरपंचांना दाखवते.

ताम्हण

बोरबाभळी, अभिनंदन. माझ्याकडचंही सांगते. धाकटा भाऊ गेल्या रविवारी माझ्याबरोबर जंगलात आला. मधल्या बेहड्याच्या ढोलीखाली विष्ठा आणि बियांचा सडा होता, आणि ढोलीचं तोंड जवळपास लिंपलेलं. तो बघत राहिला. ठेकेदाराला या वर्षी नाही म्हणून सांगितलंय. पुढच्या वर्षाचं अजून काही ठरलं नाही. थोरल्याशी बोलणं बाकी आहे.

मेंढका

बोरबाभळी, भावाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, पावसाच्या तोंडाला परतताना तुमच्या गावावरून येईल. तुमच्या चुलत्यांना विचारून ठेवा, आधी कुठला तुकडा चारायचा.